सूर्यास्ताच्या आत फुटबॉल

९ जुलै, बुधवार

मुनिमहाराजांचा चातुर्मास आज सुरू झाला. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पाय ठेवायला जागा नव्हती. सभेत एकेक जण उठून नियम घेत होता. कुणी बटाटा सोडला, कुणी चपला. माझ्या आधीच्या माणसाने जन्मभरासाठी साखर सोडली. त्याच्यानंतर उठून बटाटा सोडणं बरं दिसलं नसतं.

मी म्हणालो, निर्वाण लाडूपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येपर्यंत, सूर्यास्तानंतर टीव्ही-मोबाईलवर करमणूक पाहणार नाही. धंद्याचे फोन सोडून.

मंडपात कौतुकाची कुजबुज झाली. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

घरी येताना त्रिशलाने विचारलं, आणि तुमच्या फुटबॉलचं काय? बायकोला वाटतं मी भावनेच्या भरात बोललो. मी सगळा हिशोब करून बोललो होतो. लीग ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद. नंतर इंग्लंडच्या मॅचेस शनिवारी आपल्या पाच वाजता असतात. पाचची मॅच सहा बावन्नला संपते. भिंतीवरच्या जैन कॅलेंडरवर आजचा सूर्यास्त ७:०९. सतरा मिनिटं हातात राहतात.

निपाणीत तेरा वर्षं सोलर वॉटर हीटर विकतोय. सूर्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

१३ जुलै, रविवार

मोठी बातमी. बेळगावच्या शहापूरचे साड्यांचे व्यापारी बाळगोंडा अण्णा घरी आले. बुधवारी तेही सभेत होते. मुलगा सन्मती, इंजिनिअर, बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात. आमच्या ब्राह्मीसाठी विचारायला आले होते.

दोघांची ओळख गेल्या वर्षीपासून आहे, हे त्रिशलाला माहीत होतं. मला आज कळलं.

अण्णा कमी बोलतात. म्हणाले, मी घर बघत न्हाय, सोनं बघत न्हाय. भरल्या सभेत शब्द देणारा बाप हाय, एवढं बघितलं. तो शब्द दिवाळीपर्यंत निभावला की पोरीचं पक्कं करू.

आई (सगळे तिला आक्काताई म्हणतात) म्हणाली, निभावल, निभावल. पण माझ्याकडे बघून म्हणाली.

अण्णांनी कार्ड दिलं. नंबर सेव्ह केला. शेवटी ४७.

ब्राह्मी संध्याकाळभर गुणगुणत होती. शाळेतल्या वह्या तपासतानासुद्धा. चार स्थळं मोडल्यावर पहिल्यांदाच.

हे माझ्या नियमामुळे झालं. नोंद असावी.

२७ जुलै, रविवार

सीझनची तयारी. इंग्लंडची लीग निळ्या अ‍ॅपवर. युरोपचा कप हिरव्या अ‍ॅपवर. आपली भारतातली लीग कुठे, ते कुणालाच माहीत नाही. निळ्याचा स्वस्त प्लॅन फक्त मोबाईलवर चालतो. टीव्हीसाठी मोठा प्लॅन. मोठ्या प्लॅनमध्येही जाहिराती. जाहिराती नकोत तर त्याहून मोठा. तिन्हींची बेरीज केली आणि कागद फाडला, कारण त्रिशला चहा घेऊन येत होती.

शेजारच्या टायरच्या दुकानातला मारुतीराव म्हणाला, केबलला दीडशे भरत हुतो तवा जगातला सगळा फुटबॉल दिसायचा रं. आता पैसे भरून नुसता गोल गोल फिरणारा चक्का बघायचा.

मारुतीराव नकारात्मक आहे.

३ ऑगस्ट, रविवार

प्रश्न सुटला. सन्मतीचा फोन होता, मी सहज विषय काढला. तो म्हणाला, काका, आमच्या घरच्या ब्रॉडबँडवर निळं अ‍ॅप फुकट आहे, चार स्क्रीन चालतात, तुम्ही या आमच्या खात्यावर. किती गुणी मुलगा.

लॉगिन करताना ओटीपी लागतो. स्क्रीनवर आलं: शेवटचे आकडे ४७ असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. सन्मतीचा नंबर तर १२ ने संपतो. दुसरं सिम असणार. हल्लीची मुलं दोन दोन सिम ठेवतात.

ओटीपी त्याने लगेच कळवला. वर्षाचा सगळा खर्च शून्य. त्रिशलाला सांगितलं. ती म्हणाली, पोरगी द्यायच्या आधीच त्यांचं खायला लागलासा. मी हसलो. तिला चेष्टा करायची सवय आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार. सूर्यास्त ६:५६

पहिली मॅच. आपली टीम. पाच वाजता दुकान मारुतीरावावर सोपवून मागच्याच घरी आलो. गच्चीवर डेमोच्या हीटरशेजारी खुर्ची टाकली. तिथून पश्चिम स्वच्छ दिसते.

२-१ जिंकलो. शिट्टी वाजली तेव्हा सूर्याची कड अजून वर होती. मोबाईल बंद केला, नमोकार म्हटला, खाली आलो. आई कॅलेंडरपाशी उभी राहून रोजच्यासारखं ओरडली, सूर्य गेला रंऽ. मी म्हणालो, गेला, आणि मीही आलो.

सहज, सोपं. लोक नियमाचा उगाच बाऊ करतात.

एकच गोष्ट. जुलैत सतरा मिनिटं शिल्लक होती. आज एक-दोन. कॅलेंडर छापणाऱ्यांची चूक असावी.

१७ ऑगस्ट

कॅलेंडर बरोबर आहे. पुढच्या पानावर बघितलं. सूर्य रोज थोडा थोडा आधी मावळत जातो. दिवाळीला सहा वाजून दहा.

त्रिशला म्हणाली, सूर्यावर धंदा करतासा आणि दिवस लहान हुतोय ते तुमाला आत्ता कळलं व्हय?

मला माहीत होतंच. फक्त नियम घेताना ते आठवलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

कालची मॅच साडेसातला होती. बघितली नाही. नियम म्हणजे नियम. नवी योजना: सकाळी सूर्योदयानंतर रिप्ले बघायचा. तोपर्यंत स्कोअर कळू द्यायचा नाही. संध्याकाळपासून मोबाईल बंद.

सकाळी सव्वासहाला गच्चीवर. अ‍ॅप उघडलं, आपोआप लॉगआउट झालेलं. पुन्हा ओटीपी. सन्मती झोपलेला. तो उठेपर्यंत साडेसात. मग कळलं की पूर्ण रिप्ले फक्त प्रीमियमवर. आपल्याला तीन मिनिटांची हायलाइट्स, त्यातलं दीड मिनिट जाहिरात.

खाली उतरलो तर मारुतीराव फाटकात. काय रं वृषभ, तीन शून्यनं हाणलं की तुमास्नी.

२८ ऑगस्ट, गुरुवार

प्रीमियम माझ्या कार्डावरून घेतला. सन्मतीच्या खात्यावर माझे पैसे. फुकटचं अ‍ॅप आता निळ्याच्या मूळ प्लॅनपेक्षा महाग पडतंय. पण घरातल्या घरात आहे.

३० ऑगस्ट, शनिवार. सूर्यास्त ६:४७

दशलक्षण पर्व, दहा धर्मांचे दहा दिवस, चालू. सकाळी पूजा, मग दुकान, पाचला मॅच.

८४व्या मिनिटाला १-१. कॉर्नर मिळाला. बॉल ठेवला. खालून आई ओरडली, सूर्य गेला रंऽ.

या ठिकाणी शांतपणे विचार केला. अ‍ॅपवरचं चित्र खऱ्या मॅचच्या मागे असतं, जवळजवळ दीड मिनिट. मारुतीराव दुकानातल्या टीव्हीवर बघून नेहमी आधी ओरडतो म्हणून मला माहीत आहे. म्हणजे जे मी बघत होतो ते सूर्यास्ताआधीच घडून गेलेलं होतं. घडून गेलेलं बघणं म्हणजे इतिहास. करमणूक नव्हे.

कॉर्नर वाया गेला. पण बॉल परत आला, म्हणून आणखी थोडा इतिहास बघितला. ७:०१ ला बंद केलं. मध्ये एकदा लॉगआउट झालं, सन्मतीकडून ओटीपी घेतला. ६:५२.

१ सप्टेंबर, सोमवार

आज उत्तम सत्य धर्माचा दिवस. प्रवचनाच्या साउंडची व्यवस्था माझ्याकडे होती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. समाजाने कौतुक केलं.

आईला सहज विचारलं, सूर्यास्ताच्या आधी जेवायला बसलं आणि घास तोंडात असताना सूर्य गेला, तर तो घास गिळायचा ना?

आई म्हणाली, थुंकायचा.

जुन्या लोकांना बारकावे कळत नाहीत.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

सकाळपासून फोन. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. मीही सव्वाशे जणांना मेसेज टाकला.

बाळगोंडा अण्णांनी स्वतः फोन केला. म्हणाले, वृषभराव, माझ्या हातनं कायबी चुकलं असंल तर उत्तम क्षमा. मी म्हणालो, माझ्याकडूनही. ते म्हणाले, तुमचं काय चुकलं असंल तर सांगा की, मन हलकं हुतंय. मग गप्प राहिले. बराच वेळ. मी हॅलो हॅलो केलं.

नेटवर्क गेलं असावं. शहापूरच्या गल्ल्यांत टॉवर मिळत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. सूर्यास्त ६:३७

७८व्या मिनिटाला सूर्य गेला. दीड मिनिटाचा इतिहास पुरेना. मग मुळाशी गेलो. मी सभेत सूर्यास्त म्हणालो होतो. कुठला, ते म्हणालो नव्हतो. मॅच इंग्लंडात. तिथे त्या वेळी दुपारचे दोन वाजलेले. मैदानावर ऊन पडलेलं मला स्क्रीनवर डोळ्यांनी दिसत होतं.

पूर्ण मॅच बघितली, सुटलेला भाग मागे नेऊन, साडेसातपर्यंत. तीन वेळा लॉगआउट. तीन ओटीपी. तिसरा यायला आठ मिनिटं लागली. सन्मती म्हणाला, काका, जरा थांबा, मागून घेतो. कुणाकडून मागतो? हे दुसरं सिम त्याने कुठे ठेवलंय कोण जाणे.

१४ सप्टेंबर, रविवार

अण्णांचा फोन. हवापाणी झालं. मग म्हणाले, काल तुमच्याकडं सूर्यास्त किती वाजता झाला हो?

मी म्हणालो, सहा सदतीस. ते म्हणाले, आमच्याकडंबी तेवढाच. सात सतराला तर पार अंधार असंल? मी म्हणालो, असतो ना. ते म्हणाले, व्हय.

फोन ठेवायच्या आधी कुणाला तरी कन्नडमध्ये म्हणाले, निपाणीचं तीनदा आलंय परत, बघ. साड्यांचं पार्सल असणार. व्यापारी माणूस, रविवारीही काम.

किती धार्मिक. आपल्याकडचे लोक सूर्यास्ताची वेळ स्वतःहून विचारत नाहीत. ब्राह्मी चांगल्या घरात जाणार.

२१ सप्टेंबर, रविवार. सूर्यास्त ६:३१

मॅच साडेसहाची. एक मिनिट पूर्णपणे नियमात. सुरुवात नियमात झाली की उरलेलं आपोआप त्यातच येतं, असं मी धरतो. काम चालू असताना दुकानाची वेळ संपली म्हणून कुणी टाकी अर्धी बसवून निघून जातो का?

सन्मतीचा मेसेज: काका, शक्य असेल तर ओटीपी सकाळीच मागत जा. संध्याकाळी नको. प्लीज.

पोरगं सेकंड शिफ्टला असेल. प्लीज म्हणायची काय गरज होती, आपल्याच घरातलं आहे. तरी संध्याकाळी अकरा वेळा मागावा लागला. अ‍ॅपच तसं आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार. सूर्यास्त ६:२५

आपली मॅच साडेसातला. लीगमध्ये आपण तेरावे. अशा वेळी टीमला सोडून चालत नाही.

गच्चीवर अंधार, म्हणून हीटरच्या टाकीच्या मागे बसलो. उजेड रस्त्यावरून दिसू नये. लोकांचा गैरसमज होतो.

लॉगआउट. आज दुसऱ्यांदा. सन्मतीला मेसेज टाकला. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग थेट अण्णांच्या नंबरवरून मेसेज आला.

४ ८ १ ९ २ ०. जय जिनेंद्र.

एवढंच. मग विचार केला. सन्मतीच्या मोबाईलची बॅटरी संपली असेल, त्याने वडिलांचा घेतला असेल. जय जिनेंद्र ते सवयीने लिहितात. ओटीपी म्हणजे काय, हे सत्तरीच्या माणसाला काय कळणार? त्यांच्या लेखी सहा आकडे.

मीही उलट जय जिनेंद्र पाठवला. हात जोडल्याचं चित्रसुद्धा टाकलं.

०-० झाली.

२८ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. उकाडा.

त्रिशला सकाळी म्हणाली, काल टाकीमागं काय करत हुतासा? मी म्हणालो, लिकेज. ती म्हणाली, हाय खरं. हळूहळू सगळंच गळतंय.

टाकी तपासली. गळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या रविवारी, १२ तारखेला, अण्णा चार पाहुण्यांना घेऊन निपाणीला येणार. तारीख ठरवायला. त्यांनीच दिवाळी म्हटलं होतं, आता आधी यायचं म्हणतात. माझ्यावरचा विश्वास वाढला.

दुपारी ब्राह्मी दुकानात आली. कधी येत नाही. थोडा वेळ पाइपचे तुकडे हातात घेऊन बसली. मग म्हणाली, पप्पा, अण्णा रविवारी तुम्हाला एक प्रश्न विचारतील. जे हाय ते सांगा. त्यांना बाकी काहीबी चालतं, खोटं तेवढं चालत न्हाय.

मी म्हणालो, अगं, तुझ्या बापाने कधी खोटं सांगून एक टाकी विकली आहे का?

ती म्हणाली, न्हाय. म्हणून तर मी त्यांना सांगितलंय.

काय सांगितलंय, ते विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक आलं.

प्रश्न काय असेल याचा अंदाज आहे. त्यांना शहापूरच्या घरावर तीनशे लिटरची टाकी बसवायची आहे. खरी किंमत सांगेन, वर दहा टक्के सूट.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

या आठवड्यात लीगला सुट्टी. देशांच्या मॅचेस, त्या बघायला अजून वेगळं अ‍ॅप लागतं. त्यामुळे सोमवारपासून आजपर्यंत एकदाही सूर्यास्तानंतर काही पाहिलेलं नाही. नियम शंभर टक्के पाळला जातोय. मनापासून ठरवलं तर माणसाला काहीही जड नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्याची तयारी. हॉलमधला सोफा सरकवला. पोहे, शिरा, केळी. सगळं सूर्यास्ताच्या आत. त्रिशला दिवसभर भांडी आपटत होती. ब्राह्मी माझा शर्ट इस्त्री करत होती. म्हणाली, पप्पा, लक्षात हाय न्हवं? मी म्हणालो, आहे. ती हसली. लहानपणी मी शाळेच्या फाटकात वेळेवर पोचल्यावर हसायची, तशी.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री

आज काही लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहून ठेवतो. लिहिलं की माझी बाजू स्पष्ट होईल.

चारला पाहुणे आले. खाणं झालं. अण्णा सोफ्याच्या टोकाला, शेजारी सन्मती खाली बघत. आई खुर्चीत. त्रिशला दारात. ब्राह्मी तिच्या मागे.

अण्णांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, वृषभराव, नियम कसा चाललाय?

मला अंदाज नव्हता. मी टाकीची किंमत जिभेवर ठेवून बसलो होतो. पण आवाज अगदी नीट आला. म्हणालो, तुमच्या आशीर्वादाने एक दिवसही चुकलो नाही.

अण्णांनी पुन्हा विचारलं, एकबी न्हाय? थोडंफार हुतंय माणसाकडनं. झालं असंल तर झालं म्हणायचं, मी आपला समजून घेतो.

दोन वेळा विचारलं, हे मला आता लिहिताना जाणवतंय. तेव्हा वाटलं, माणूस परीक्षा बघतोय, ठाम राहावं. छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, एकही नाही.

अण्णांनी खिशातून मोबाईल काढला. माझ्याकडे दिला. म्हणाले, चष्मा इसरलोय. जरा वाचून दाखवा, काय लिहिलंय ह्यात.

अ‍ॅपचे मेसेज होते. ब्रॉडबँड अण्णांच्या नावावर. नंबर अण्णांचा. शेवटी ४७.

मी पहिला वाचला. आपल्या खात्यात नवीन लॉगिन, निपाणी, ३० ऑगस्ट, ६:५२. दुसरा वाचला. निपाणी, १३ सप्टेंबर, ६:४१. तिसरा. निपाणी, ६:५८. मोबाईल परत द्यायला हात पुढे केला. अण्णांनी घेतला नाही.

आई म्हणाली, वाच की रं पुढं. मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू येतंय.

आईला सगळं ऐकू येतं.

सतरा होते. सतराही वाचले. २७ सप्टेंबरचे दोन वाचताना मारुतीरावाच्या दुकानातून टायर ठोकल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

मी अ‍ॅपमधली अडचण सांगायला लागलो. सारखं लॉगआउट होतं, म्हणून आकडा मोठा दिसतो, प्रत्यक्षात दिवस चारच. मग इंग्लंडच्या सूर्याबद्दल थोडंसं बोललो. पाहुण्यांपैकी एकाला खोकला आला.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मॅच बघितली त्याचं मला काय न्हाय. आमचा पोरगाबी बघतोय. ऑगस्टपासनं ह्यो फोन वाजतोय, आणि मी म्हणतोय, आज सांगतील, उद्या सांगतील. क्षमावाणीला तर किती वेळ फोन धरून बसलो.

मग आईकडे वळले. आक्काताई, पोरीचा काय दोष? नातं पक्कं. पण ह्याच्या पुढं बोलणं तुमच्यासंगं. शब्द तुमचा घेतो.

आई म्हणाली, घ्या.

तारीख ठरली, ९ नोव्हेंबर, साखरपुडा. मुहूर्त, कार्यालय, माणसं किती, सगळं आई आणि अण्णा बोलले. मी मध्ये एकदा म्हणालो की कार्यालयाला गरम पाण्याची सोय माझ्याकडून. कुणी ऐकलं नसावं.

पाहुणे उजेड असतानाच निघाले.

ब्राह्मी स्वयंपाकघरात कप विसळत होती. मी म्हणालो, झालं ना शेवटी तुझं पक्कं? मग काय तर.

तिने नळ बंद केला. म्हणाली, पप्पा, अण्णा नातं मोडायला निघालते. गेल्या महिन्यातच. मी म्हटलं, मोडू नका, त्यांना समोर बसवून एकदा विचारा. बघत असतील ते मॅच, पण तोंडावर विचारल्यावर माझे पप्पा खोटं बोलत न्हाईत. मी त्यांना शब्द दिल्ता.

मग नळ सुरू केला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नियम मोडला तर महाराजांकडे जाऊन सांगायचं असतं, प्रायश्चित्त घ्यायचं असतं. गेलो. रांग होती. परत आलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजही गेलो. रांग नव्हती. बाहेरच्या पायरीवर अर्धा तास बसलो. आकडा कुठला सांगायचा, चार की सतरा, हे ठरेना.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सूर्यास्त ६:१०

पाचची मॅच होती, आपलीच. अ‍ॅप उघडलं नाही. उघडलं असतं तर ओटीपी लागला असता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे निर्वाण लाडू. बस्तीत तुफान गर्दी. ज्यांनी ज्यांनी नियम पूर्ण केले त्यांना महाराजांनी पुढे बोलावलं. साखर सोडणारा गेला, त्याचा तर जन्मभराचा आहे, तरी गेला. माझं नाव जुन्या यादीत होतं, स्पीकरवरून पुकारलं. स्पीकर मीच बसवलेला, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट.

मी शेवटच्या रांगेत होतो. दुसऱ्यांदा पुकारलं. लोक वळून बघू लागले. अण्णा पुढच्या रांगेत होते, ते वळले नाहीत.

उठलो. पुढे गेलो. महाराजांना हळू आवाजात म्हणालो, पूर्ण झाला नाही. मोडला. ते म्हणाले, किती वेळा? मी म्हणालो, सतरा. माईक चालू होता.

पुढच्या चातुर्मासात तोच नियम पुन्हा, असं प्रायश्चित्त मिळालं. पुढच्या वर्षीही सूर्य त्याच वेळेला मावळतो, कॅलेंडर आणून बघितलं.

ब्राह्मी घरी येताना रिक्षात माझ्या शेजारी बसली. दुसऱ्या रिक्षात जागा होती. पण शेजारी बसली.

९ नोव्हेंबर, रविवार. शहापूर

साखरपुडा झाला. कार्यालय भरलेलं. ब्राह्मी छान दिसत होती, साडी अण्णांच्या दुकानची. मला वाटलं होतं की तीन आठवड्यांपूर्वी भर सभेत खरं बोलल्यावर आता मामला मिटला असेल. सकाळी नवा शर्ट घातला. मुलीच्या बापाने दोन शब्द बोलायचे असतात, ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले होते.

शब्द द्यायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी मुलीच्या वडिलांना पुढे बोलावलं. मी निघालो. अण्णा नम्रपणे म्हणाले, थांबा गुरुजी, आमचं बोलणं आक्काताईंशी झालंय.

आईला स्टेजवर चढवलं. शब्द दोन्ही हातांनी द्यायचा असतो, म्हणून तिने काठी माझ्याकडे दिली. अण्णांचे हात हातात घेऊन म्हणाली, पोर तुमची. अण्णा म्हणाले, आमची. अक्षता पडल्या. सन्मती हसला, ब्राह्मी हसली, त्रिशला रडली. फोटोवाला मला म्हणाला, काका, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय.

सरकलो.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं चाललं. काठी मी शेवटपर्यंत अगदी सरळ धरली होती.